सिस्टरच्या नावावरचे पैसे

सिस्टरचं नाव प्रमिला ढोके आहे, हे मला इन्कम टॅक्सच्या नोटिशीमुळे कळलं. तोपर्यंत त्या माझ्यासाठी फक्त सिस्टर होत्या, आणि गावासाठीही. मतदानाच्या रांगेत लोक म्हणायचे, "सिस्टरले पुढं जाऊ द्या." लग्नपत्रिकेवर लिहायचे, "सिस्टर, उपकेंद्र." दारावर पाटी होती ती उपकेंद्राची. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नव्हती आणि कुणाला तिची गरजही पडली नव्हती.

आमचं गाव मानोऱ्याहून इंझोरीकडे जाताना फाट्यावरून आत लागतं. गावाला लागून तांडा आहे. दिवाळी झाली की तांड्यातली बरीच घरं आणि गावातलीही काही ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. उपकेंद्र गाव आणि तांडा यांच्या मधोमध आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत सिस्टर राहायच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. दारव्ह्याला एक भाऊ होता. तो वर्षातून एकदा यायचा, आणि तो येऊन गेला की सिस्टर दिवसभर कोणाशी धड बोलायच्या नाहीत.

रस्त्यात कोणी भेटलं तर माणसं विचारतात, काय चाललंय. सिस्टर विचारायच्या, "पोट साफ हाय का?" हा प्रश्न त्या सरपंचालाही विचारायच्या आणि एकदा मांडवात त्यांनी नवरदेवालाही विचारला होता. नवरदेव लाजला, पण त्यानं उत्तर दिलं. सिस्टरनं विचारलं की उत्तर द्यायचं, अशी सवयच होती सगळ्यांना.

काही लक्षात ठेवायचं असलं की त्या डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहायच्या. कोणाला गोळ्या संपल्या, कोणाचे दिवस भरत आले, कोणाच्या घरी पाणी उकळून पीत नाहीत. संध्याकाळपर्यंत तळहात निळा होऊन जायचा. नोटा हाताळल्या की मात्र लगेच साबणानं हात धुवायच्या, समोर देणारा उभा असला तरी. मी एकदा भीत भीत विचारलं होतं की जखमा धुता तेव्हा एवढं धूत नाही, मग नोटांनंच काय केलं. त्या म्हणाल्या, "जखम कोनाची हाय ते आपल्याले मालूम असते. नोट कोनाकोनाच्या हातातून आली ते देव जाने."

आणि सुई. बाकीचे डॉक्टर-नर्स लहान मुलांना सांगतात की काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल. सिस्टर सुई हातात घेऊन मुलाच्या डोळ्यांत पाहून सांगायच्या, "दुखन. एकदाच दुखन, मंग संपलं." मूल त्याआधीच भोकाड पसरायचं. आया चिडायच्या. "कायले भेव दाखवता सिस्टर लेकराले?" त्यावर सिस्टर म्हणायच्या, "आज खोटं बोलली त पुढच्या खेपेले हे पोट्टं माह्यापाशी येईन का?" खरं म्हणजे पुढच्या खेपेला मुलं येताना रडतच यायची. पण यायची.

त्यांच्या पगाराची गोष्ट गावात विनोद म्हणून सांगितली जायची. शाळेचे मास्तर मानोऱ्यात राहायचे, त्यामुळे गावात राहून इन्कम टॅक्स भरणारं माणूस एकटं सिस्टरच. ऑफिसातून दरवर्षी एक कागद यायचा. विमा किती, बचत किती, दुसरं उत्पन्न किती, ते भरून द्यायचं. तो कागद यायचा नेमका लसीकरणाच्या मोहिमेत. सिस्टर तो कुठंतरी ठेवायच्या आणि विसरायच्या. मग ऑफिसवाले वर्षभराचा टॅक्स आर्थिक वर्षाच्या शेवटच्या पगारातून एकदम कापायचे. फेब्रुवारीचा पगार हातात यायचा तो नावापुरता.

मानोऱ्यातले किराणा दुकानाचे सेठजी त्या महिन्यात त्यांना लांबूनच ओळखायचे.

"आली का फेब्रुवारी, सिस्टर?"

"आली. तेल अर्धाच किलो द्या."

"दोन किलो न्या ना. पैसे मार्चमध्ये द्या."

"मार्चमध्ये मार्चचं तेल नेईन. आता अर्धा किलो द्या."

टॅक्सबद्दल त्यांचं मत एका वाक्यात मावायचं. कापला म्हणजे भरला. दात काढताना जसं आपण फक्त तोंड उघडायचं, तसं. पगार देणारा कापतो, सरकार घेतं, आपल्याला मध्ये काही करायचं नसतं. दरवर्षी रिटर्न भरायला त्या ऑफिसातल्याच एकाला सांगायच्या. तो पगाराचा आकडा टाकायचा आणि मोकळा व्हायचा. बायकांच्या पैशांचा घोळ याच समजुतीतून झाला, असं मला आता वाटतं.

बायका त्यांच्याकडे पैसे ठेवायला कशा लागल्या, ते मला तांड्यातल्या यमुनाबाईनं सांगितलं. पहिले पैसे तिचेच. एका वर्षी ती ऊसतोडीहून परत आली तर घराचं कुलूप तुटलेलं आणि कोठीत पुरलेले पैसे गेलेले. पुढच्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी ती पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उपकेंद्रात आली. गावात सरकारी कुलूप असलेलं लोखंडी कपाट एकच होतं, औषधांचं.

"यात ठेवून द्या," यमुनाबाई म्हणाली.

"सरकारी कपाटात? उद्या तपासनी आली त साहेबाले काय सांगू? लस हाय म्हनून?"

"मंग तुमीच सांगा कुठं ठेवू."

यमुनाबाईचं बँकेत खातं होतं. योजनांचे पैसे त्यात यायचे. पण खातं काढलं तेव्हा घरात फोन नव्हता, म्हणून खात्याला नंबर जोडला होता मुकादमाचा. मुकादम म्हणजे टोळी ऊसतोडीला नेणारा माणूस. निघण्याआधी उचल देतो तो, आणि कामातून उचल फेडून घेतो तोही. खात्यात रुपया पडला की मेसेज यमुनाबाईला न येता त्याला जायचा. मग तो म्हणायचा, "तुह्यापाशी हायेत की पैसे. उचल एवढी कायले पाह्यजे?"

तेव्हा सिस्टर त्या पिशवीतले पैसे घेऊन मानोऱ्याच्या बँकेत गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या नावावर मुदत ठेव केली. वारस म्हणून नाव लावलं यमुनाबाईचं. त्यांना ती मोठी पक्की सोय वाटली. आपण मेलो तरी पैसे बरोबर घरी जातील.

पुढच्या वर्षी यमुनाबाईच्या मागून तिची जाऊ आली, मग तिची मैत्रीण. असं करत करत वीस-बावीस बायका झाल्या. सिस्टरचा नियम होता की एकीच्या पावतीत दुसरीचा रुपया मिसळायचा नाही. प्रत्येकीची पावती वेगळी आणि प्रत्येक पावतीवर तिचीच वारस म्हणून नोंद. वेगळं लिहून ठेवलेलं काही नव्हतं, कारण सगळ्यांना सगळं पाठ होतं. परत आल्यावर एखादी मागायला आली की बँकेनं दिलं असेल तेवढं व्याजासकट द्यायच्या. म्हाताऱ्या कासाबाईला तर बरीच वर्षं वाटत होतं की सिस्टर वरचे पैसे खुशीनं देतात. ती प्रत्येक वेळी पाया पडायला वाकायची आणि सिस्टर मागे सरकायच्या. "मी नाई देत वं माय, बँक देते." व्याजातून थोडं कापलेलं असायचं, तेही सिस्टर प्रामाणिकपणे सांगायच्या. "एवढा टॅक्स गेला. गेला म्हंजे भरला."

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून गावात कोणाला इंग्रजी मेसेज आला की माझ्याकडे यायचे. मला बहुतेक वेळा अर्धंच कळायचं. मी ते अर्धं सांगायची आणि बाकीचं कॉलेजात विचारून येते म्हणायची. सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी फोन पुढे केला आणि म्हणाल्या, "पूनम, हे पाहून दे. दोन खेपा आलं. मी फसवनुकीचं समजून पुसून टाकलं. आता कागद बी आला."

त्या कागदावर ते नाव होतं. मी आधी नावच वाचत बसले. मग खाली वाचलं. बँकेनं कळवलेलं व्याज आणि सिस्टरच्या रिटर्नमधलं उत्पन्न जुळत नव्हतं. रिटर्नमध्ये व्याज नव्हतंच. हे एका वर्षाचं नव्हतं, मागच्या वर्षांचंही होतं. आकडा वाचून मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, म्हणून मी पुन्हा वाचला.

"सिस्टर, तुमच्याकडे एवढे पैसे आहेत?"

"माहे नाई वं. बायकांचे हायेत."

उगमस्थानी करकपात, टीडीएस, म्हणजे काय, ते आमच्या पुस्तकात होतं. मला ती टीप पाठही होती. पण ती टीप कोणाच्या अंगणात येऊन उभी राहील असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि आता पुढे काय करायचं ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "मंग ज्याले मालूम हाय त्याच्यापाशी चल."

कारंज्याला एक सीए होते, सेठजींच्या नात्यातले. आम्ही एसटीनं गेलो. सिस्टरनी सगळ्या पावत्या लसीकरणाच्या निळ्या पिशवीत आणल्या होत्या. सीए तरुण होते आणि शांतपणे बोलायचे. त्यांनी पावत्या टेबलावर मांडल्या.

"पैसे कोणाचे?"

"बायकांचे."

"पावत्या?"

"माह्या नावानं."

"पॅन नंबर?"

"माहाच."

"पैसे त्यांचे आहेत, असं कुठे लिहून ठेवलंय?"

"लिहायले कायले पाह्यजे? साऱ्या गावाले मालूम हाय."

"आयकर खातं तुमच्या गावात राहत नाही ना, मॅडम."

यावर सिस्टर हसल्या. मला हसू आलं नाही.

मग सीएंनी समजावून सांगितलं. बँक प्रत्येक पावती वेगळी पाहत नाही, पॅन पाहते. सगळ्या पावत्यांचं व्याज एकत्र झालं, ते मर्यादेच्या वर गेलं, म्हणून बँक दहा टक्के कापत राहिली. पण ते दहा टक्के म्हणजे शेवटचा हिशेब नसतो. सिस्टरच्या पगारावर टॅक्स त्याहून जास्त दरानं लागतो, तर व्याजावरही तोच दर. मधला फरक त्यांनी स्वतः भरायचा होता. पगार कापणाऱ्या ऑफिसला बँकेचं माहीत नाही, बँकेला पगाराचं माहीत नाही, दोन्हीची बेरीज होते ती फक्त वर, आयकर खात्यात.

"मंग आता?"

"आता दोन रस्ते. पैसे माझे नाहीत म्हणून कळवायचं. ते खरंच आहे. पण मग विचारतील की कोणाचे, कधी दिले, कसे दिले. रोख दिलेत, कागद नाही, त्या बायकांचे पॅन नाहीत. वारस लावला म्हणजे तो मालक होत नाही. पुरावा द्यायला वर्षं जातील आणि शेवटी मानतील की नाही, मी सांगू शकत नाही. दुसरा रस्ता म्हणजे व्याज तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, राहिलेला टॅक्स आणि उशिराबद्दलचा दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं."

सिस्टरनी थोडा वेळ पावत्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "हेच पैसे बायकांच्या नावावर असते त?"

"त्यांचं दुसरं उत्पन्न फारसं नसेल. मग टॅक्स शून्य. एक साधा फॉर्म दिला असता तर बँकेनं कापलंही नसतं."

सिस्टरनी पेन काढलं आणि तळहातावर एक शून्य काढलं. बाकी काहीच लिहिलं नाही. परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि हात मांडीवर उताणा होता. हे शून्य लक्षात ठेवायची त्यांना काय गरज, असं मला वाटत राहिलं. विचारायचा धीर झाला नाही.

दोन दिवसांनी त्यांनी बायकांना उपकेंद्राच्या ओट्यावर बोलावलं. मला वाटलं होतं की मला समजावून सांगायला लावतील. मी रात्री वहीत मुद्देही काढले होते. त्यांनी मला फक्त नोटिशीची पहिली ओळ वाचायला लावली, ही सरकारची आहे हे कळावं म्हणून. मी नाव वाचलं.

"हे प्रमिला कोन?" कासाबाईनं विचारलं. "तिची हाय त तिनं भरावं न."

बायका हसल्या. सिस्टरही हसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुमच्या व्याजावर टॅक्स आला, बँकेनं कापला तेवढा पुरत नाही, अजून भरायचा आहे, तो व्याजातून जाईल.

"आमी कोन्ते साहेब हाओत टॅक्स भराले?" कोणीतरी म्हणालं.

यमुनाबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "सिस्टर, पैसे आमच्या नावावर असते त किती गेलं असतं?"

हा प्रश्न टाळता आला असता. बायकांना कारंज्याचं काही माहीत नव्हतं, आणि मी काही बोलणार नव्हते. मी सिस्टरकडे पाहिलं.

"काहीच नाई," सिस्टर म्हणाल्या.

"म्हंजे हे तुमच्या नावानं झालं."

"हो."

यमुनाबाई उठली, पदर झटकला आणि गेली. तिच्या मागून बाकीच्या गेल्या. कासाबाई थांबली होती, पण तिलाही सुनेनं हाताला धरून नेलं.

पुढचे दिवस वाईट गेले. हातपंपावर बोलणं सुरू झालं की सिस्टरनं व्याज खाल्लं आणि आता टॅक्सचं नाव सांगून राह्यली. ज्या बायका कालपर्यंत त्यांच्याकडे पैसे ठेवून सहा-सहा महिने निर्धास्त जायच्या, त्या पावती पाहायला मागू लागल्या. लसीकरणाच्या दिवशी तांड्यातून जवळजवळ कोणीच आलं नाही. सिस्टर दुपारपर्यंत बसल्या. मग त्यांनी लसीचा डबा खांद्याला अडकवला आणि तांड्याकडे निघाल्या. मी मागे मागे गेले. मला बोलावलं नव्हतं, पण जाऊ नको असंही त्या म्हणाल्या नाहीत.

त्या पहिल्यांदा गेल्या यमुनाबाईच्याच घरी. यमुनाबाईचा नातू दीड वर्षाचा होता. तिनं त्याला मांडीवर घेतलं, पण सिस्टरना बसा म्हटलं नाही. सिस्टर उकिडव्या बसल्या, सुई भरली आणि मुलाला म्हणाल्या, "दुखन. एकदाच दुखन."

मूल रडलं, मग शांत झालं. यमुनाबाई त्याला थोपटत म्हणाली, "लेकराले खरं सांगता, तसं मले बी सांगा. तुमाले पगार हाय. तुमी काहून नाई भरत सारं?"

"भरू शकते," सिस्टर म्हणाल्या. "दोन-तीन महिने वढातानीचे जातीन, पन भरू शकते. मंग काय होईन ते ऐक. व्याज मी दाखवलं, टॅक्स बी माह्या खिशातून मी भरला, त पैसे माहेच झाले. उद्या मी मेली त दारव्ह्याचा भाऊ येईन. म्हनन, बहिनीच्या नावावर पावती, बहिनीनं टॅक्स भरला, मंग पैसे बी बहिनीचेच. तू वारस म्हनून उभी राह्यशीन अन् तो कोर्टात जाईन. तुमच्या व्याजातून टॅक्स गेला, साऱ्या बायकांनी पाह्यलं, त उद्या कोनाले बी सांगता येईन की पैसा बायकांचा होता, म्हनून टॅक्स बी बायकाइनंच देल्ला."

यमुनाबाईनं तो भाऊ पाहिला होता.

"तो येईन?"

"येईन. जितेपनी वर्षातून एक खेप येते. मेल्यावर रोज येईन."

यमुनाबाईला हसू आलं, ते तिनं मुलाच्या डोक्याआड लपवलं.

"मुद्दलाले हात नाई लागनार," सिस्टर म्हणाल्या. "टॅक्स व्याजातून. अन् उशिराचा जो दंड हाय तो माहा. तो मी माह्या पगारातून भरीन."

"दंड भरला त मंग नाई होत पैसे तुमचे?"

मला हा प्रश्न फार नेमका वाटला. आमच्या वर्गात कोणी विचारला नसता. सिस्टरनी रिकामी सुई डब्यात टाकली, झाकण लावलं आणि मग म्हणाल्या, "दंड पैशाचा नाई होत यमुने. दंड चुकीचा असते. चूक माही हाय."

यमुनाबाईनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि सिस्टरच्या पुढे ठेवला. बाकीच्या घरी ती स्वतः बरोबर आली. दारातूनच ओरडून सांगायची, "पोट्टे बाहेर काढा, सिस्टर आली."

त्यानंतर तिनं बायकांना काय आणि कसं सांगितलं, ते मी ऐकलं नाही. मी ऐकलं ते फाट्यावर. मुकादम उचलीचं बोलायला आला होता, मी कॉलेजच्या गाडीची वाट पाहत होते.

"तुह्यापाशी पैसे हायेत म्हंतात," मुकादम म्हणाला. "मंग उचल कायले पाह्यजे?"

"उचल हिशेबानं दे," यमुनाबाई म्हणाली. "आमी इन्कम टॅक्स भरनारे लोक हाओत."

"किती भरला?"

"तू किती भरला ते सांग पह्यले."

मुकादमानं मोटारसायकलला किक मारली. तो गेल्यावर यमुनाबाईनं माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. पण हसण्यात मोठा रुबाब होता. नंतर हे वाक्य तांड्यात बरेच दिवस चाललं. कोणी बाई रांगेत पुढे घुसली की दुसरी म्हणायची, "मले जाऊ दे, मी टॅक्स भरते."

टॅक्स भरला गेला. सीएंनी प्रत्येक पावतीमागे किती बसतो ते काढून दिलं होतं आणि सिस्टरनी प्रत्येकीला तिचं वेगळं सांगितलं, तिच्या घरी जाऊन. दंड त्यांनी भरला. त्या वर्षी त्यांची फेब्रुवारी एप्रिलपर्यंत चालली. सेठजींनी न विचारता दोन किलो तेल बांधलं, तेव्हा त्यांनी दीड किलो परत ओतायला लावलं.

मग त्यांनी एक नवीनच काम काढलं. दर आठवड्याला दोन-तीन बायका काळीपिवळी जीपमध्ये घालून मानोऱ्याला न्यायच्या. पॅन काढायचा, खात्याला जोडलेला मुकादमाचा नंबर बदलायचा, मग ठेव मोडून पैसे त्या बाईच्या खात्यात टाकायचे. काही बायका घाबरल्या होत्या की पॅन काढला की रेशन बंद होईल. सिस्टरनी त्यांना होईल किंवा नाही होणार, काहीच सांगितलं नाही. त्या तहसिलीत जाऊन विचारून आल्या आणि मग सांगितलं की होत नाही. एकदा मी बरोबर होते. बँकेतल्या साहेबानं कंटाळून विचारलं, "मॅडम, हे सगळं आधी तुमच्याच नावावर बरं चाललं होतं ना?" सिस्टर म्हणाल्या, "मले बी तसंच वाटे." आणि पुढचा कागद सरकवला.

मी नंतर शिकायला अमरावतीला आले. सिस्टर निवृत्त झाल्या, पण गाव सोडून गेल्या नाहीत. उपकेंद्राच्या समोरच एक खोली भाड्यानं घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले होते, तेव्हा त्यांना पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर माझं जाणं झालेलं नाही.

त्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक निघणार होता. चुली, गाद्या, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढत होतं. दरवर्षी या दिवशी सिस्टरच्या दाराशी पिशव्या घेऊन बायका उभ्या राहायच्या. आता पैसे जिचे तिच्या खात्यात होते. सिस्टर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर ट्रक होता पण त्या तिकडे पाहत नव्हत्या. मला म्हणाल्या, "पोट साफ हाय का?" आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरीकडे पाहू लागल्या.

तेवढ्यात यमुनाबाई आली. तिनं कमरेच्या पिशवीतून एटीएमचं कार्ड काढलं आणि सिस्टरच्या मांडीवर ठेवलं.

"हे कायले?"

"ठेवा. तिथं पालात कुठं ठेवू? पानी गेलं त खराब होईन. कोनी नेलं त वेगळंच."

"मी आता कोनाचं काही ठेवत नाई यमुने. एकदा ठेवून पाह्यलं."

"हे पैसे कुठं हायेत? पैसे बँकेत हायेत. तुमीच सांगतलं."

तिच्या मागे बायका जमायला लागल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात कार्ड. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "पूनम, असं कार्ड जवळ ठेवलं त त्याच्यावर काही कापत त नाईत?"

"नाही," मी म्हणाले. या वेळी मला पूर्ण माहीत होतं.

"अन् ते चार आकडे मले कोनी सांगू नका."

"माहे त सोपे हायेत," कासाबाई म्हणाली आणि तिनं ते मोठ्यानं सांगूनही टाकले. बायका तिला गप्प करू लागल्या. सिस्टरनी कपाळाला हात लावला.

मग त्या आत गेल्या आणि पांढरी चिकटपट्टी घेऊन आल्या, जखमेला लावतात ती. कार्डांवर नावं नव्हती, बँकेनं हातोहात दिलेली कार्डं होती. त्यांनी पट्टीचा तुकडा कापला, यमुनाबाईच्या कार्डावर चिकटवला आणि पेन उघडलं.

"नाव सांग."

"रामधनची यमुना."

"रामधनचं कायले? पासबुकावर हाय ते सांग."

यमुनाबाईनं सांगितलं. सिस्टरनी ते पूर्ण लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कार्ड बाजूला ठेवलं. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. कोणीतरी वरून बायकांना हाका मारत होतं. सिस्टरनी मान वर केली नाही. पट्टीचा दुसरा तुकडा कापला आणि म्हणाल्या, "त्याले थांब म्हना जरा." आणि मग, लसीकरणाच्या रांगेत म्हणायच्या त्याच आवाजात, "हं, पुढची."